श्रेय एकट्या सोनीचं नाही
लेखात मोबाइलच्या बॅटरीचं सगळं श्रेय सोनीला दिलंय, ते मनाला पटलं नाही. मोबाइलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली हे खरंच. पण शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅटरीच्या धन टोकासाठी कोबाल्ट ऑक्साइड वापरायचा मार्ग १९८० मध्येच ऑक्सफर्डला दाखवला होता. मग १९८५ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी त्याला दुसऱ्या टोकाला कार्बनची जोड दिली, पेट घेणारं धातुरूप लिथियम बाजूला केलं, म्हणून तर ती खिशात बाळगता आली! गुडइनफना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. फार उशीर केला.
बॅटरीवरून आठवलं, आमचे आजोबा रेडिओचे सेल उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे. संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज परत यायचा.