चोचले आणि बॅकस्लॅश: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वापरणाऱ्याला स्वतःचे कोटिंग ऑपरेटर, म्हणजे कोडमध्ये मजकूर (स्ट्रिंग) अवतरणात घालायच्या आणि त्याचा अर्थ लावायच्या खुणा, करू द्यावेत, या माझ्या लेखावर एका वाचकांनी घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: दुहेरी अवतरण आणि पुढच्या चिन्हाचा अर्थ बदलणारा बॅकस्लॅश (\) पुरे, बाकी सगळे चोचले. एडिटरमधलं कोडचं रंगकाम बिघडतं. जावानेसुद्धा स्ट्रिंग टेम्प्लेटपुढे हात टेकले. पायथनबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि शेवटी, ‘ज्याने आयुष्यात एक लेक्सर लिहिला नाही त्यालाच असलं सुचतं.’

पायथनचं मान्य. आर-स्ट्रिंगमध्ये (आधी r लावलेल्या, बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणाऱ्या स्ट्रिंगमध्ये) बॅकस्लॅशला काहीच अर्थ नसतो असं मी लिहून बसलो होतो. तशी स्ट्रिंग एकट्या बॅकस्लॅशवर संपवता येत नाही. दुरुस्त केलं, आभार.

आता लेक्सर, म्हणजे कोड वाचून त्याचे शब्द-चिन्हं असे तुकडे पाडणारा प्रोग्रॅम. दोन लिहिलेत मी, साहेब. ‘लिहिलाय का?’ एवढं विचारलं असतंत तरी सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत, निकालच दिलात.

पहिला नोकरीत असताना, कॉन्फिगरेशनच्या एका छोट्या भाषेसाठी. नियम अगदी तुमचाच: दुहेरी अवतरण, बॅकस्लॅश, बस्स. मग लोक त्यात रेजेक्स (मजकुरात शोधायचे नमुने) लिहायला लागले. एक बॅकस्लॅश शोधायचा तर रेजेक्सला दोन लागतात, स्ट्रिंगमध्ये त्यांचे चार होतात, आणि तीच ओळ जेसनमधून (माहिती पाठवायच्या मजकुरी स्वरूपातून) पाठवली की आठ. एकदा कुणीतरी सहाच टाकले होते. ते सापडेपर्यंत पहाट झाली. चोचले म्हणे!

दुसऱ्या लेक्सरमध्ये मी उलट टोकाला गेलो. पर्ल भाषेत क्यू (q) या कोटिंग ऑपरेटरच्या पुढे जे चिन्ह द्याल तीच सीमा होते. मी त्याहून पुढे जाऊन स्ट्रिंग कुठे संपते हेसुद्धा वापरणाऱ्याच्या फंक्शनवर सोडलं. म्हणजे फाइल नुसती वाचायची तरी आधी तिच्यातला कोड चालवायचा. दोन महिन्यांत मीच ते उपटून टाकलं. लेखातला नियम तिथून आलाय: शेवट कुठे हे भाषेने ठरवायचं, आतल्या मजकुराचं काय करायचं ते ऑपरेटरने. एलिक्सर भाषेतले सिजिल (तिथले कोटिंग ऑपरेटर) असेच आहेत. सीमाचिन्हं ठरलेली, अर्थ लावणारं फंक्शन तुमचं. जावास्क्रिप्टच्या 2015 मधल्या टॅग्ड टेम्प्लेटमध्येही (आधी फंक्शनचं नाव लावलेल्या स्ट्रिंगमध्येही) शेवट बॅकटिकनेच (`) होतो, आणि फंक्शनला मजकुराचे तुकडे आणि त्यांत भरायच्या किमती वेगवेगळ्या मिळतात. त्यामुळे एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) किंमत पॅरामीटर म्हणून पाठवता येते, मजकुरात चिकटवावी लागत नाही. हा परिच्छेद लेखात होता. तुम्ही तिथवर पोचलात का, असं विचारणार होतो, राहू दे.

जावाचं म्हणाल तर स्ट्रिंग टेम्प्लेट (स्ट्रिंगमध्ये किमती भरायची सोय) आवृत्ती 21 आणि 22 मध्ये प्रीव्ह्यू, म्हणजे चाचणीपुरते होते, 23 मध्ये काढले, ते आराखडा नव्याने करायचा म्हणून. हात टेकणं वेगळं.

रंगकामाचं एडिटरवाल्यांना विचारा. शेवट ठरलेला असला की निदान पुढची सगळी फाइल स्ट्रिंगसारखी हिरवी होत नाही.

आणि हो, पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा ‘आयुष्यात’ हा शब्द तेवढा वगळा.