जातीपत्रं समर्पयामि

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मंडईत पत्री, म्हणजे पूजेत गणपतीला वाहायची एकवीस झाडांची पानं, आणायला जाण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे असतं. बाकी कुठल्याही खरेदीत माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. पण त्या गर्दीत जायला दुसरं कुणी तयार नसतं, म्हणून हा मान.

"मावशी, यात एकवीस आहेत ना?"

"मोजून घ्या की. तेवढ्यात मी चार गिऱ्हाईकं करते."

मी मोजल्या. सतरा भरल्या, आणि त्यातही एकच पान चार वेगवेगळ्या वयांत. पण मागून एका काकूंचं कोपर बरगडीत रुतत होतं, त्यामुळे पैसे देऊन निघालो.

घरी आईने चष्मा लावून जुडी सोडली. आई कोकणातली. तिच्या लहानपणी पत्री म्हणजे परसात फिरून यायचं, एवढंच. तिने बेल, शमी, रुई, कण्हेर, डाळिंब पटापट बाजूला काढलं. आघाडा तिला शोधावा लागला नाही, त्याची कुसळं आधीच माझ्या सदऱ्याला लागून आली होती. डोरलीने मला बोटात काटा मारून स्वतःची ओळख दिली. मग आईने एक फांदी नाकाशी धरली.

"हे काय आहे?"

"देवदार," मी म्हणालो.

"ही समोरच्या सोसायटीच्या फाटकातली मोरपंखी आहे."

आता देवदार हिमालयातला. मंडईपर्यंत तो कशाला येईल? पण पोथी लिहिणाऱ्याने पुणेकरांची अडचण लक्षात घेतलेली दिसत नाही. अर्जुन, विष्णुक्रांता, हादगा यांचाही पत्ता नव्हता. मरवा म्हणून जे होतं त्याला कोथिंबिरीचा वास येत होता. एरवी गणपतीला वर्ज्य असलेली तुळस मात्र या एका दिवशी चालते आणि ती गॅलरीत होती, म्हणून निदान एका पानाबद्दल मी छातीठोक होतो.

दुसऱ्या दिवशी पूजा फोनवरच्या गुरुजींनी सांगितली. त्यांचा दोष एकच, ते थांबत नाहीत. "सुमुखाय नमः, मालतीपत्रं समर्पयामि" म्हणेपर्यंत मी मधुमालती शोधत होतो, तोवर गुरुजी माका, बेल, दूर्वा ओलांडून बोरीवर पोचले. थांबवायला बोट लावलं, तर पडद्यावर पंचामृत आणि कुंकू. फोनने माझं बोट ओळखायचं नाकारलं. मग आईने व्यूहरचना केली: ती नाव ऐकणार, बायको पान देणार, मी वाहणार, आणि पान नसेल तिथे अक्षता. धोत्रा ते कण्हेर झकास गेलं. अर्जुनाला अक्षता, विष्णुक्रांतेला अक्षता, देवदाराला सर्वानुमते मोरपंखी.

"चतुर्भुजाय नमः, जातीपत्रं समर्पयामि."

मुलगा दचकला. "बाबा, इथेही जातीचा दाखला लागतो?"

जाईचं पान रे, जाईचं! पण बायको हसायला लागली, हातातली वाटी कलंडली आणि उरलेल्या अक्षता उंदराच्या अंगावर. केवड्याला आणि हादग्याला काय वाहिलं ते मी सांगणार नाही. हिरवं होतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू दर्शनाला आल्या. मूर्तीपुढचा ढीग न्याहाळत म्हणाल्या, "मिळाल्या का हो सगळ्या? आमच्याकडे यंदा अकराच."

"एकवीसच्या एकवीस," आई म्हणाली. "देवदारसुद्धा."

मी कोपऱ्यात बसून सोवळ्यातली आघाड्याची कुसळं काढत होतो.