डब्याचं विस्थापन

रविवारी संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी खुर्चीत नुकता रेललो होतो, तेवढ्यात सई नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणि क्लासच्या नोट्स घेऊन आली. पहिलाच धडा, 'गतीचे नियम'.

"बाबा, एक गणित अडलंय. सोप्पं आहे अगदी."

सोप्पं आहे तर अडलं कसं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण बाप म्हणून एक इभ्रत असते.

गणित असं: एक कार अ गावाहून ब गावाला ताशी ६० किलोमीटरने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ४० ने परत येते. तर सरासरी चाल किती?

"पन्नास," मी चहाचा घोट न गिळताच म्हणालो. पंचवीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत. साठ नि चाळीस शंभर, भागिले दोन.

"मागे उत्तर ४८ दिलंय."

"छपाईची चूक असणार. या नोट्स असल्याच असतात."

सईने शांतपणे वही पुढे ओढली. अंतर १२० किलोमीटर धरलं. जायला दोन तास, यायला तीन. एकूण २४० किलोमीटर, पाच तास. ४८. "हळू जाताना आपण गाडीत जास्त वेळ बसतो ना बाबा, म्हणून सरासरी हळूकडे झुकते."

मी चहा संपवला. तो निवला होता.

"आता हे सांगा. पहिला किलोमीटर ताशी ३० ने गेलात. दुसरा कितीने गेलात म्हणजे सरासरी ६० पडेल?"

"नव्वद," असं ओठांवर आलं होतं, पण एकदा हात पोळल्यामुळे गप्प राहिलो. बरं झालं. उत्तर आहे, पडतच नाही. विमान घेऊन गेलात तरी नाही. ताशी ६० ने दोन किलोमीटरला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन्ही मिनिटं पहिल्याच किलोमीटरमध्ये खर्च झालेली असतात. 'सिग्नलला वेळ गेला, पुढे भरून काढू' म्हणत मी आजवर जे काही पिळून काढलं, ते निव्वळ पेट्रोल होतं तर.

इथवर ठीक होतं. पुढे 'चाल' आणि 'वेग' वेगळे निघाले. आमच्या घरात चाल म्हणजे गाण्याची, फार तर भावकीत कुणी खेळलेली. पुस्तकात मात्र नुसतं किती जोरात ते सांगितलं तर चाल, आणि कुठल्या दिशेने तेही सांगितलं तर वेग. म्हणजे रस्त्यावर जागोजागी लिहिलेली 'वेगमर्यादा' ही खरी चालमर्यादा आहे. पोलीसमामा पावती फाडताना तुम्ही उत्तरेला चालला होता की दक्षिणेला, हे कुठे विचारतात?

आणि मग विस्थापन. निघालात तिथून पोचलात तिथपर्यंतची सरळ रेषा, बस्स. मधल्या वळणांचा, खड्ड्यांचा, पंक्चरचा काही हिशेब नाही. परत घरी आलात तर विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य.

"शून्य कसा? मी रोज ऑफिसला जाऊन येतो, अंगाचा पार चोथा होतो!"

"पृथ्वी वर्षाला ९४ कोटी किलोमीटर फिरते बाबा, सूर्याभोवती. सेकंदाला ३० किलोमीटरने. तिचंही सूर्याच्या हिशेबात शून्यच."

पृथ्वीला निदान हजेरीचं मशीन नाही.

या गणितांतली माणसंही विलक्षण. 'एक व्यक्ती पूर्वेला ४ किलोमीटर जाते, नंतर उत्तरेला ३ किलोमीटर जाते.' का जाते? घरी भांडण झालंय का? कोणी सांगत नाही. उत्तर ५ आलं की तिला भर उन्हात तिथेच सोडून पुढचं गणित.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "बापलेकीचं झालं असेल तर मावशींचा डबा तेवढा देऊन या."

मला एकदम उभारी आली. आमचं घर कर्वेनगरला नदीकडेला आणि मावशी मुठेच्या पलीकडे, विठ्ठलवाडीला. गच्चीतून तिची वाळत घातलेली साडी दिसते. पण साडी दिसते म्हणून माणूस पोचत नाही. राजाराम पुलाला वळसा घालावा लागतो. विस्थापनाचं याहून चांगलं प्रात्यक्षिक कोणतं? डब्याची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली, मागे सई, तिच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच.

पुलावर नेहमीचीच गर्दी. एका टेम्पोमागे आम्ही इतका वेळ उभे होतो की त्याच्या पाठीवरचा मजकूर मला पाठ झाला. मावशीच्या फाटकाशी सई ओरडली, "एकवीस मिनिटं!" मीटरवर २.८ किलोमीटर. नकाशात सरळ रेषा ७०० मीटर. तिने गुडघ्यावरच आकडेमोड केली: सरासरी चाल ताशी ८ किलोमीटर, सरासरी वेग ताशी २ किलोमीटर, आग्नेयेला. माणूस पायी ताशी पाचने चालतो. म्हणजे नदीवर नुसती एक फळी टाकली असती, तर मी चपला फटफटवत स्कूटरच्या आधी पोचलो असतो!

"आता परतीचं. वेळ वाया घालवू नका!" आणि मी तिथल्या तिथे गाडी वळवली.

येताना नशीब उघडलं, चौदा मिनिटांत घरी. म्हणजे ताशी १२. "जाताना ८, येताना १२," मी हेल्मेट काढत म्हणालो, "सरासरी द..." सईने नुसतं पाहिलं. ५.६ किलोमीटर, ३५ मिनिटं. ९.६.

"आणि सरासरी वेग?" तिने विचारलं.

"शून्य," मी पहिल्यांदाच बरोबर आलेल्या उत्तराच्या आनंदात म्हणालो.

तेवढ्यात बायको दारात आली. तिची नजर माझ्यावरून खाली स्कूटरच्या हुकावर गेली. पिशवी होती तशीच लटकत होती.

ती काहीच बोलली नाही. अशा वेळी ती बोलत नाही, हे फार वाईट असतं. मी किल्ली फिरवली. सई स्टॉपवॉच न लावताच मागे बसली.

या वेळी जिना चढून रीतसर बेल वाजवली. मावशीने डबा घेतला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं स्वतःचं नाव पदराने पुसलं, आतल्या चकल्या ताटात काढल्या नि आत गेली. बाहेर आली ती तोच डबा थालीपिठाच्या भाजणीने गच्च भरून. "अगं, तुझाच डबा द्यायला आलो होतो," मी म्हणालो. "रिकामा का पाठवणार मी? नेऊन दे सुनेला, पुढच्या वेळी आण."

घरी पोचलो तेव्हा बायको गच्चीत उभी होती. मी काही न बोलता पिशवी तिच्या हातात दिली. तिने झाकण पाहिलं, नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

सईने वही उघडली. "डब्याचं एकूण अंतर ११.२ किलोमीटर," ती म्हणाली. "पुढचं मला विचारू नकोस, आई."