इंकांचं सोनं आणि ‘दागिन्यांपुरती’ विद्या

‘दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्यात सोनं इतकं होतं की तिथला सामान्य माणूसही ते अंगावर मिरवायचा. पण त्यांची धातुविद्या दागिन्यांपुढे गेलीच नाही, म्हणून मूठभर स्पॅनिशांपुढे ते हरले.’ हा मजकूर सध्या खूप फिरतोय. त्यात खरं एवढंच, की अँडीजमध्ये, म्हणजे इंकांच्या डोंगराळ मुलखात, लोखंड गाळत नसत.

‘सामान्य माणूसही’ हे साफ खोटं आहे. इंकांच्या आधी पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिकान संस्कृती होती. तिथल्या थडग्यांत समाजाची उतरंडच दिसते: कष्टकऱ्यांजवळ आर्सेनिकमिश्रित तांबं, मधल्या थरापाशी सोनेरी मुलाम्याचं तांबं, आणि भारी कसाचं सोनं फक्त वरच्या मोजक्या घराण्यांपाशी. त्याही आधीच्या मोचे संस्कृतीतल्या एका अधिपतीचं थडगं १९८७ मध्ये पेरूतल्या सिपान इथे पुरातत्त्वज्ञ वाल्टर आल्वा यांना सापडलं. त्याच्या माळेत भुईमुगाच्या शेंगा आहेत, उजवीकडे १० सोन्याच्या आणि डावीकडे १० चांदीच्या. सोनं मिरवायची सुरुवात मात्र राजांनी केली नाही. तितिकाका सरोवराजवळ हिस्कायरुमोको इथे, नुकत्याच स्थिरावू लागलेल्या लोकांच्या वस्तीत, ९ सोन्याच्या मण्यांची सुमारे ४००० वर्षांपूर्वीची माळ मिळाली.

‘दागिन्यांपुढे गेली नाही’ हे वाचून मला खरंच वाईट वाटतं. सोन्यात भरपूर तांबं मिसळलं की आपण त्याला हिणकस म्हणतो. अँडीजचे कारागीर मुद्दाम तसा मिश्रधातू घ्यायचे. पत्रा ठोकायचा, तापवायचा, वर आलेला तांब्याचा काळा थर आम्ल लावून काढायचा, पुन्हा ठोकायचं. दरवेळी पृष्ठभागावरचं तांबं कमी होतं आणि सोनं उरतं. म्हणजे झळाळी बाहेरून चढवलेली नाही, ती आतूनच वर आणलेली. वस्तूचं सत्त्व तिच्या आतच असलं पाहिजे, ही त्यामागची धारणा असावी, असं अँडीजच्या धातुविद्येच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांनी मांडलं आहे. सत्ताधाऱ्याच्या अंगावर असाच धातू शोभणार.

आणि अवजारं? सिकान संस्कृतीच्या बाटान ग्रांदे इथल्या भट्ट्यांत माणसं फुंकण्यांनी वारा घालून तांबं गाळत. इंकांच्या काळात कथिलाच्या काशाच्या पहारी, छिन्न्या आणि गदांची टोकं सर्रास होती.

‘म्हणून हरले’ म्हणताना देवीची साथ आणि अताहुआल्पा-हुआस्कर या इंका राजघराण्यातल्या भावांमधलं गादीसाठीचं युद्ध सोडून कसं चालेल? स्पॅनिशांनी कैद केलेल्या अताहुआल्पाच्या सुटकेसाठी खंडणीत आलेल्या बहुतेक वस्तू १५३३ मध्ये काहामार्का इथे मुशीत गेल्या. त्या वितळवण्याचं काम स्पॅनिशांनी तिथल्याच सोनारांकडून करून घेतलं.