तानपुरा, गंधार आणि यादीतली जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

यंदाच्या आवडलेल्या आणि निराशा केलेल्या अल्बमांच्या यादीवर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुम्ही सांगलीत गाण्याचा क्लास चालवता आणि मिरजेच्या दर्ग्यातली उरुसाची सभा वर्षानुवर्षं ऐकत आला आहात. तुमचा आक्षेप दोन ओळींत उरकणं बरोबर नव्हे, म्हणून हे लांबलचक उत्तर. तुमचे मुद्दे थोडक्यात असे : ज्येष्ठ गायकाचा यमन रागाचा अल्बम ‘निराशा’ विभागात आणि तरुण गायिकेचा मारवा पहिल्या क्रमांकावर, हा अन्याय आहे. आवाजाची पातळी, तानपुरा, संकलन असल्या यांत्रिक गोष्टींवर गाणं तोलता येत नाही. आणि ध्वनिमुद्रण ही मुळात मैफलीची सावली, तिला क्रमांक कसले द्यायचे? शेवटी तुम्ही विचारलंत की क्लासमधल्या मुलांना यातलं काय ऐकवू. नावं यादीत आहेतच, इथे पुन्हा घेत नाही. बोलणं गाण्याच्या मुद्रणाबद्दल आहे.

सावलीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या शेजारीच आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेले आणि त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. तेवढ्यात आलाप, बंदिश, बोल, ताना आणि शेवट बसवायचा. मैफलीत तासभर चालणारा राग कापून तीन मिनिटांचा तुकडा केलाय, असं त्या तबकड्या ऐकताना वाटत नाही. तीन मिनिटांसाठी वेगळा विचार करून गायलेलं ते गाणं आहे. किराण्याचा स्वर ज्यांनी खाँसाहेबांना कधी पाहिलं नाही अशा पिढ्यांपर्यंत पोचला, तो याच तबकड्यांवरून. तेव्हा मुद्रण ही स्वतंत्र कृती आहे असं मी मानतो, आणि क्रमांक त्या कृतीला देतो. गायकाच्या तपश्चर्येला नव्हे.

पुढे एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं आली, सीडीवर ७४ मिनिटं आली, आणि आता मर्यादाच उरली नाही. थांबायचं कुठे हे आता गायकाला आणि निर्मात्याला स्वतः ठरवावं लागतं. ‘निराशा’ विभागातला दरबारी तेवढ्याच कारणानं तिथे आहे. १ तास ५० मिनिटं, त्यात कोमल गंधाराचं (ग-चं) आंदोलन सुंदर, पण विलंबिताच्या, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाच्या, दुसऱ्या अर्ध्यात पहिल्याच अर्ध्यातल्या जागा पुन्हा येतात. मैफलीत ते चालतं. समोर श्रोते असतात, दाद मिळते, जागा पुन्हा घ्यावीशी वाटते. घरी तिसऱ्यांदा ऐकताना ती पुनरावृत्ती बोचते.

आता यमन. यातली गायकी उतरलेली नाही, हे मी यादीतही लिहिलं होतं. मंद्रातला आलाप आजही कुणाला शिकवण्यासारखा आहे. बिघाड मुद्रणानंतरच्या टेबलावर झालाय, आणि तो तीन ठिकाणी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मास्टरिंग, अल्बमच्या आवाजावरचा शेवटचा हात. अल्बमची सरासरी पातळी उणे ९ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा) आसपास आहे. चित्रपटातल्या नाचाच्या गाण्याला ती शोभते. ख्यालात मंद्र षड्जाचा (खालच्या सप्तकातल्या सा-चा) हळुवार स्वर आणि तारसप्तकातली तान यांच्यामधलं अंतर हाच अर्धा आशय असतो. कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही आवाजाचे चढउतार दाबणारी साधनं लावून ते अंतर मिटवलं की आलाप आणि तान एकाच उंचीवर येतात. शिवाय डग्ग्याची थाप पडली की सगळा ध्वनी क्षणभर दबतो आणि परत वर येतो; तानपुरा श्वास घेतल्यासारखा खालीवर होत राहतो. आणि एवढं करून मोठेपणाचा फायदाही मिळत नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळं उणे १४च्या आसपास आणतं, म्हणजे हा अल्बम तिथे पाच डेसिबलनं खाली ओढला जातो. उंची गेली, चेपलेपण मात्र तसंच राहिलं.

दुसरी गोष्ट गंधाराची, आणि माझ्या दृष्टीनं हीच सगळ्यात मोठी. या अल्बममध्ये स्वर सरळ करणारं सॉफ्टवेअर वापरल्याच्या खुणा आहेत. गंधार प्रत्येक वेळी पेटीच्या गंधारावर नेमका उभा राहतो, आणि नि-रे-गच्या मींडेत, जिथे स्वर न तुटता सरकायला हवा, बारीक पायऱ्या ऐकू येतात. तुम्ही म्हणता एवढं सामान्य श्रोत्याला कळत नाही. क्लासमध्ये करून बघा. पेटीवर काळी १चा (पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरा आणि पांढरी ४चा ग सोबत दाबा. भाता एकसारखा ठेवला तरी आत एक थरथर ऐकू येईल. आता ग सोडा, तानपुऱ्यावर सा ठेवा आणि एखाद्या चांगल्या कानाच्या मुलाला ग लावायला सांगा. तो आपोआप पेटीपेक्षा थोडा खाली जाईल आणि तिथे थरथर थांबेल. त्याचं गणित साधं आहे. तानपुऱ्याच्या तारेत पाचव्या स्वयंभू स्वराच्या रूपानं गंधार आपोआप बोलतो, सा १३८.६ हर्ट्झचा असेल तर हा स्वर ६९३ हर्ट्झवर असतो. पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर ६९८.५वर येतो. या दोहोंत सेकंदाला साडेपाच हेलकावे पडतात. सेंटच्या भाषेत (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) पेटीचा गंधार १४ सेंट चढा. श्रोत्याला आकडा सांगता येणार नाही, पण वीस मिनिटांनी कान थकतात आणि का थकले ते कळत नाही. आयुष्यभर तानपुऱ्यातला गंधार ऐकून गळ्यात बसवलेल्या गायकाचा स्वर यंत्रानं पेटीवर नेऊन ठेवावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट संकलनाची. दुसऱ्या ट्रॅकमधला विलंबित एकताल मोजून बघा. एक मात्रा चार-साडेचार सेकंदांची, बारा मात्रांचं आवर्तन पन्नास सेकंदांच्या आसपास. अंतरा संपल्यानंतरच्या आवर्तनात सातव्या मात्रेचा ‘कत्’ वाजतो आणि पुढे थेट नवव्याचा ‘धागे’ येतो. आठव्या मात्रेचा ‘ता’ नाहीच. दोन टेक जोडताना एक मात्रा कापली गेली आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) अकराव्या मात्रेनंतर आली. तानपुरा ॲपवरचा, दर काही सेकंदांनी तोच तुकडा फिरणारा, त्यामुळे सांधा कानाला चटकन सापडत नाही. खरा तानपुरा असता तर झंकार तिथे तुटला असता आणि संकलकाच्या लक्षात आलं असतं. एकतालात अकरा मात्रांचं आवर्तन ज्या अल्बममध्ये आहे, तो वरच्या यादीत ठेवला तर तुम्हीच मला विचाराल.

मारवा पहिला का, ते याच्या शेजारी ठेवून पाहा. काळी ४मध्ये लावलेले दोन खरे तानपुरे, एक डावीकडे, एक उजवीकडे, गायिकेच्या सरासरी पातळीच्या बरेच खाली पण कधीही न हरवणारे. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार निषादाला. कोमल ऋषभ आणि धैवतावर गाणं उभं राहतं आणि सा टाळला जातो. मागे जोडाच्या (मधल्या दोन) तारा मात्र सा बोलतच असतात. गायिका सा घेत नाही आणि तो ऐकू तर येतोय, या ताणावर पहिली वीस मिनिटं चालतात. हा ताण तानपुरा नीट मुद्रित झाला तरच श्रोत्यापर्यंत जातो. जवारी (घोडीवरून तारेला मिळणारा झंकार) उघडी आहे, पण किणकिणाट नाही. मिरजेच्या सितारमेकर गल्लीत जवारी काढणाऱ्या कारागिराला विचारा : घोडीच्या पृष्ठभागाचा उतार आणि तारेखालच्या दोऱ्याची जागा यांत केसभर फरक पडला की झंकार एक तर बसतो नाही तर फाटतो. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हाताच्या कामासाठी आहे.) एसी चालू असलेल्या खोलीत तानपुरा थोड्याच वेळात उतरतो किंवा चढतो, कारण लाकूड, भोपळा आणि तारा हवेला वेगवेगळा प्रतिसाद देतात. विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये तानपुरे पुन्हा लावून घेतल्याचं इथे स्पष्ट कळतं. ज्यांनी एवढी काळजी घेतली त्यांना मी पहिला क्रमांक दिला.

तुमचा एक प्रतिप्रश्न अपेक्षित आहे : मग नाट्यगीतांच्या अल्बमला तिसरा क्रमांक कसा, तिथे तर ऑर्गन आहे आणि त्याचाही गंधार चढाच? खरं आहे. पण नाट्यगीताची घडणच ऑर्गनच्या साथीत झाली. तिथे तानपुरा जवळजवळ ऐकू येत नाही, स्वरांवर मुक्काम थोडा, आणि ऑर्गन गायकाच्या मागोमाग धावतो. गंधारावर दहा सेकंद थांबायचा प्रसंगच कमी. या अल्बममध्ये कीबोर्डवरचा नमुना न घेता पायानं भाता मारायचा खरा ऑर्गन आहे, आणि त्यात हवा आत ओढून पात्या बोलतात, म्हणून स्वर पेटीपेक्षा मऊ आणि गोल येतो. नाट्यपंढरीतल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. तबला सा-ला अचूक मिळवलेला आहे, पदांचे शब्द कुठेही गिळले गेलेले नाहीत.

फ्यूजनचे तीन अल्बम यादीत आहेत, त्यांवर तुम्ही फार लिहिलं नाहीत. मीही लिहीत नाही. एकात बासरी चांगली आहे.

क्रमांक कसे लागतात, हे विचारलंत. शंभरपैकी गुण मी देत नाही. ५२ मिनिटांचा ख्याल आणि चार मिनिटांचं नाट्यपद यांना एकाच मापानं गुण दिले तर आकडे खोटं बोलतात. त्याऐवजी नवा अल्बम यादीच्या मधोमध असलेल्या अल्बमासमोर ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा : पुढच्या वर्षी यातला कोणता पुन्हा लावावासा वाटेल? वर गेला तर वरच्या अर्ध्याच्या मधल्या अल्बमाशी तुलना, खाली गेला तर खालच्या. सोळा अल्बमांच्या यादीत फार तर पाच तुलनांत जागा ठरते.

तुलनेआधी आवाज सारखा करावा लागतो. एक डेसिबलनं मोठा वाजणारा अल्बम कानाला जास्त चांगला वाटतो, हा कानाचाच स्वभाव आहे. इथे एक अडचण येते. ॲपचं नॉर्मलायझेशन (सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणणं) मोठा अल्बम खाली आणतं, पण हळू मुद्रित केलेला ख्याल पूर्ण वर आणत नाही, कारण त्यातली एखादी तान आधीच कमाल पातळीजवळ असते. म्हणून मारव्यासारखे अल्बम ॲपवर मागे पडल्यासारखे वाटतात. आवाजाचं बटण हातानं वर करा आणि गायकाचा मध्य सा दोन्हीकडे सारखा ऐकू येईल तिथे थांबवा. ऐकण्याचा दर्जा ‘ऑटोमॅटिक’ असेल तर तो सर्वांत वरच्या पर्यायावर न्या. नेट कमी पडलं की तानपुऱ्याच्या वरच्या झंकाराचा बळी पहिला जातो, आणि मग दोष अल्बमचा की जोडणीचा हे कळत नाही. क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा सुरू करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर विलंबिताची शेवटची तिहाई आणि द्रुताची सुरुवात एकमेकांवर चढतात. शफल तर बंदच हवा. ब्लूटूथपेक्षा तारेचा हेडफोन बरा, पण एकदा साध्या स्पीकरवरही ऐका. हेडफोनवर छान वाटणारे डावे-उजवे तानपुरे खोलीत एकमेकांत मिसळतात का, ते तिथेच कळतं. आणि पहिल्या ऐकण्यात क्रमांक लावू नका. आठवडाभरानं पुन्हा ऐकल्यावर मत बदललं नाही तर तीच जागा.

आता तुमच्या मुलांचं. पहिल्या क्रमांकाचा मारवा त्यांना लगेच ऐकवू नका. सा पक्का नसलेल्या मुलाचा कान मारव्यात धैवतालाच सा समजून बसतो आणि मग सगळा राग सरकतो. माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर असलेला भूप त्यांच्यासाठी सगळ्यांत उपयोगी आहे. सातवा अशासाठी की विस्तारात नवं फारसं नाही. शिकणाऱ्याला तेच हवं असतं : पाच स्वर, पंचमाला लावलेला खरा तानपुरा, आणि वादी (रागातला मुख्य स्वर) गंधार इतका स्वच्छ की वर सांगितलेला पेटीचा प्रयोग त्यावर करता येतो. दुसऱ्या ट्रॅकवरची मध्यलयीची तीनतालातली बंदिश आधी लावा. पहिल्या वेळी फक्त ऐकू द्या. दुसऱ्या वेळी हातावर ताल धरायला सांगा, नवव्या मात्रेच्या खालीला (जिथे टाळी नसते) हात उलटा. तिसऱ्या वेळी मुलांनी तानपुऱ्याबरोबर नुसता सा धरायचा आणि गायक गंधारावर थांबेल तेव्हा आपणही सा सोडून गंधारावर यायचं. विलंबित त्यानंतर. मोठ्या मुलांसाठी चौथ्या क्रमांकाचा पूरिया कल्याण ठेवा, पण त्याआधी जुन्या मुद्रणांतला एखादा यमन ऐकवा, यंदाचा नको.