कॅरॅमल सफरचंदावर का टिकत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

काडी लावलेलं सफरचंद कॅरॅमलमध्ये, म्हणजे साखरेच्या घट्ट तपकिरी पाकात, बुडवायच्या आमच्या कृतीबद्दल तुमच्या तक्रारी तीन. सफरचंदं उकळत्या पाण्यात बुडवणं म्हणजे चांगलं फळ शिजवून वाया घालवणं. वरचं मेण खाण्याजोगं असतं, मग ते काढायचा खटाटोप कशाला? आणि मंडईत शिमल्याची सफरचंदं मिळत असताना महागड्या हिरव्या ग्रॅनी स्मिथचा आग्रह का? शिवाय तुम्ही लिहिलंय की कोमट पाण्याने धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेली सफरचंदं बाहेर काढल्याकाढल्या बुडवलीत, कॅरॅमल सगळं ओघळून ताटात साचलं, म्हणजे आमच्या पाकाचं प्रमाणच चुकीचं आहे.

पाकाचं प्रमाण ठीक आहे. गार पाण्यात थेंब टाकल्यावर पक्की गोळी वळली, असं तुम्हीच लिहिलंय. पाक गोळीबंद झाला असेल, तर तो स्वच्छ, कोरड्या सालीवरून असा सपशेल उतरत नाही. घोळ सालीवर झालाय.

मेणाचं आधी. ते खाण्याजोगं असतं हे खरंच आहे. मधमाशीचं मेण, कार्नौबा (एका ताडाच्या पानांवरचं मेण) आणि लाखेपासूनचं शेलॅक यांचा थर फळांवर द्यायला आपल्याकडे कायद्याने परवानगी आहे. पण पोटाला चालणारं मेण पाकाला चालत नाही. कॅरॅमल साखरेचं आणि पाण्याचं, साल मेणाची; दोघांची पकड बसत नाही. कोमट पाण्याने काम का होत नाही तेही सांगते. कार्नौबा वितळतं ८२ ते ८६ अंश सेल्सियसला. नळाच्या किंवा कोमट पाण्याने धूळ जाते, मेण जागचं हलत नाही.

म्हणून उकळतं पाणी. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी, त्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. पाणी खळखळ उकळू लागलं की झाऱ्यावर एका वेळी दोनच फळं घेऊन आठ ते दहा सेकंद बुडवायची. जास्त फळं एकदम टाकली की पाणी गार पडतं आणि मेण अर्धवट राहतं. एवढ्या वेळात उष्णता सालीखाली जेमतेम एक-दीड मिलिमीटर पोचते, गर कच्चाच राहतो. तुमची भीती तीस-चाळीस सेकंद ठेवलं तर खरी ठरते: साल सुरकुतते, कधी तडकते आणि आतून तपकिरी पडते. बाहेर काढल्यावर थांबायचं नाही. फळ गरम असतानाच खरखरीत सुती पंच्याने दाबून पुसायचं, कारण गार झालं की मेण पुन्हा सालीवर घट्ट बसतं. प्रत्येक फळाला पंच्याची नवी बाजू घ्या, नाहीतर एकाचं मेण दुसऱ्याला लागतं. निघालं की नाही ते पाण्याच्या थेंबाने बघा. मेण असेल तर थेंब टपोरा राहतो आणि घरंगळतो, साल साफ असेल तर चपटा पसरतो. साल थोडी निस्तेज दिसेल, ते बरोबर आहे.

आता फ्रिज. बऱ्याच परदेशी कृतींत गार सफरचंदं घ्यायला सांगतात, आणि कोरड्या हवेत ते जमूनही जातं. पुण्यात ऑगस्टमध्ये पाच अंशांचं फळ ओट्यावर ठेवलं की दोन मिनिटांत त्याला घाम फुटतो. त्या दवावर गरम कॅरॅमल पडलं की पाण्याची वाफ होते, थराखाली बुडबुडे धरतात आणि थर सुटून खाली बसतो. तुमच्या ताटातलं थारोळं मुख्यतः याचंच. फळं आदल्या रात्रीच बाहेर काढा. उकळत्या पाण्यातून काढून पुसल्यावर देठ पिळून उपटा, देठाच्या आणि बुडाच्या खळगीत पंच्याचं टोक फिरवा (पाणी हमखास तिथेच लपतं) आणि जाळीवर उपडी ठेवून पंख्याखाली दोन तास वाळू द्या. पावसाळ्यात आणखी वेळ द्या.

काडी यानंतरच. आइस्क्रीमची चपटी काडी वजनाने फिरते. पाच-सहा मिलिमीटर जाडीची बांबूची काडी घ्या. देठाच्या जागी सरळ, फळाच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत. बुडातून आरपार गेली तर रस झिरपत राहतो. काडीभोवती वर आलेला रस टिपून मगच बुडवा.

पाकाबद्दल दोनच गोष्टी. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कृतीत १२० अंश लिहिले असतील तर थर्मामीटरवर ११८ ला आच बंद करा. आणि उकळत्या कॅरॅमलमध्ये फळ घालू नका. ते ८५ ते ९० अंशांपर्यंत उतरू द्या. त्याहून गरम असेल तर पातळ थर धावतो, फार गार झालं तर गठ्ठे बसतात.

सफरचंदाच्या जातीबाबत तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर ताजं हिमाचली डेलिशस टणक असतं, खुशाल वापरा. फक्त ते गोड असल्याने कॅरॅमलमध्ये पाव चमचा मीठ जास्त घाला. तेच फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये शीतगृहातून येतं आणि बरेचदा पिठूळ निघतं, काडी सैल होऊन फळ गळून पडतं. बुडाला पाच उंचवटे असल्यामुळे ते ताटात डुगडुगतंही. त्या दिवसांत फुजी किंवा ग्रॅनी स्मिथ घ्या, १३० ते १५० ग्रॅमचं, गोल. आंबटपणामुळे ग्रॅनी स्मिथ मला कॅरॅमलसाठी सर्वांत आवडतं, पण तेच हवं असं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगणं भाग आहे. काडी लावलेली कॅरॅमल सफरचंदं ओट्यावर दिवसेंदिवस ठेवू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत अशा सफरचंदांतून लिस्टेरियाची साथ पसरली आणि माणसं दगावली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांना पुढे आढळलं की काडी लावलेल्या फळांवर, खोलीच्या तापमानात, हा जंतू तीन दिवसांत हजारपट वाढतो. काडीच्या भोकातून रस वर येतो आणि साल व कॅरॅमल यांच्यामध्ये ओल धरते. त्या दिवशी संपणार नसतील तर फ्रिजमध्ये, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर त्यांना ताजीच द्या.