रबरी चप्पल घातली म्हणून शॉक टळत नाही

पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: रबर आणि लाकूड यांतून वीज जात नाही, म्हणून पायात रबरी चप्पल असेल तर ओल्यातही शेतपंपाच्या मोटारीच्या स्टार्टरला बिनधास्त हात लावा, कुणी तारेला चिकटला तर मिळेल त्या लाकडाने सोडवा, विजा कडाडत असतील तर गाडीत बसा, टायर रबराचे असतात. यातला शेवटचा सल्ला बरोबर, पण कारण चुकीचं. पहिले दोन जिवावर बेतणारे आहेत.

आधी चप्पल. शेतातली चप्पल टाचेला झिजलेली असते, वरखाली चिखलाने माखलेली. वीज रबर भेदत बसत नाही, त्या चिखलपाण्यातून वाट काढते. चप्पल कोरडी असली तरी एक हात उघड्या फेजला आणि दुसरा स्टार्टरच्या अर्थ केलेल्या पेटीच्या पत्र्याला लागला, तर करंट या हातातून त्या हातात, थेट छातीतून जातो. तिथे पायांचा संबंधच येत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो; २३० व्होल्टला म्हणजे सुमारे २३० मिलीअँपिअर. आणि १०-१५ मिलीअँपिअरलाच बोटं अशी आवळतात की तार सोडता येत नाही! घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, ३० मिलीअँपिअरच्या आत ट्रिप होतो, तो याचसाठी. शेतातल्या किती पेट्यांवर तो बसवलेला असतो?

लाकडाचं म्हणाल तर वाळलेली, कोरडी काठी घरगुती लाइनला चालते. बांधावरची हिरवी फांदी किंवा पावसात भिजलेला वासा नाही. त्यातल्या पाण्यात क्षार असतात आणि करंट वाहतो. आधी मेन स्विच पाडा. तुटून पडलेली तार ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) असेल तर कोरड्या काठीचाही भरवसा नाही. लांब राहा, इतरांनाही लांब ठेवा आणि वीज तक्रारीच्या १९१२ नंबरला फोन करून लाइन बंद करायला सांगा.

राहिली गाडी. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार? शिवाय टायरच्या रबरात काजळी मिसळलेली असते, तिच्यातून वीज थोडीफार वाहतेच. वाचवतो तो चहूबाजूंचा पत्रा: करंट बाहेरूनच जमिनीत उतरतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत बसून हेच दाखवलं होतं. काचा वर करा, आतल्या धातूला हात लावू नका. मोटारसायकल आणि उघडा ट्रॅक्टर यांचेही टायर रबराचेच, पण त्यांच्यावर बसलेल्याभोवती पत्रा नसतो. विजा सुरू झाल्या की त्यावरून उतरा आणि पक्क्या घरात जा.